वाणाच्या सह्या

चौदा दारांपैकी नऊ उघडलीच नाहीत. तीन उघडली आणि मिटली. एकातून कुत्रा बाहेर आला आणि एकातून होकार. शुभदाच्या वहीत नोव्हेंबरातला तो मंगळवार असा उतरला, आणि तिच्या हिशेबानं तो बरा दिवस होता.

रिचमंड हिल या उपनगरातली एकाला एक चिकटलेली घरं मागे पडली, की अर्ध्या-पाऊण तासात काळी, सपाट, दलदलीतून काढलेली जमीन लागते. गाजराची आणि कांद्याची. सगळे तिला मार्श म्हणतात. पीक निघून गेलं होतं, कालव्याच्या पाण्यावर सकाळी साय धरावी तसा बर्फ धरत होता, आणि वाऱ्याला अडवायला मैलभर काही नव्हतं. त्या रस्त्यांवरून शुभदा जुनी होंडा घेऊन मुलं गोळा करत फिरायची. मुलं म्हणजे मुलांची नावं आणि आईबापांची सही.

अभ्यास विद्यापीठाचा होता. शहरातल्या नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालतात, शेतावरच्या विहिरीत कोण घालणार? तेव्हा दोन्हीकडची मुलं घ्यायची आणि पाच-सात वर्षांची असल्यापासून अठराव्या वर्षापर्यंत दरवर्षी त्यांचे दात मोजायचे. पडलेला दुधाचा दातही पाकिटात घालून पाठवायचा. त्यासाठी बारा पानी संमतिपत्र होतं. पहिल्या टप्प्याला सत्तर मुलं हवी होती, वीस मार्चच्या आत.

शुभदा नागपूरची बीडीएस. यवतमाळला पाच वर्षं स्वतःचा दवाखाना चालवलेली. इथं परदेशात आल्यावर त्या डिग्रीला कुणी हिंग लावून विचारलं नाही. तीन वर्षं तिनं पॅकिंग शेडमध्ये पट्ट्यावरून वाहत येणारी गाजरं निवडली. वाकडं एका खोक्यात, फुटकं दुसऱ्यात. मग ही नोकरी. अभ्यासाचे प्रमुख डॉ. व्हिटली सज्जन माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "सत्तर मुलं आण. तुझ्या डेंटल कॉलेजच्या अर्जाला मी पत्र देतो." परदेशी दंतवैद्यांसाठी दोन वर्षांचा कोर्स होता, एप्रिलात अर्ज. ते पत्र असलं तर शुभदा पुन्हा दाताला हात लावणार होती. नसलं तर दारांना.

त्या मंगळवारी शेवटच्या घरी एक डच म्हातारा कांद्याची सालं झाडत ओसरीवर उभा होता. दोन नातवंडं त्याच्याकडेच राहायची. मुलगा-सून शेडमधून आली, ऐकून घेतलं. शुभदानं पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "तुम्ही कधीही, कारण न देता, यातून बाहेर पडू शकता."

"छान," मुलगा म्हणाला. "मग मी आत्ताच पडतो."

आणि दार लागलं. राग नाही, लोभ नाही. शुभदाला वाटलं, काय माणसं आहेत! पाणी तरी विचारावं.

घरी आली तेव्हा बोटांची पेरं फुटली होती. घर म्हणजे काकड्यांच्या ग्रीनहाउसच्या मालकानं भाड्यानं दिलेली दोन खोल्यांची बंगली. नवरा देवदत्त त्याच ग्रीनहाउसमध्ये सुपरवायझर होता. अकोल्याचा कृषी पदवीधर. बाहेर उणे दहा असताना आत काकडी वाढवतो याचा त्याला फार अभिमान.

"किती?" त्यानं विचारलं.

"एक."

"काहून? कुत्र्याची सही नाही घेतली?"

"देव, जोक नको. पाय भिजलेत माझे."

सात वर्षांची गौरांगी टेबलाशी बसून रंगवत होती. बापाचा जोक कळून ती खदखदून हसली आणि मागच्या चारही दाढांवरच्या चांदीच्या टोप्या चमकल्या. शुभदानं नजर वळवली. शेडमधल्या शिफ्टच्या दिवसांत पोर झोपावी म्हणून रात्री दुधाची बाटली तोंडात दिली होती, दोन वर्षं. दंतवैद्याच्या पोरीच्या दाढा. फोटो काढताना ती पोरीला न चुकता सांगायची, "ओठ मिटून हस."

"हिचं नाव घाल की," देवदत्त म्हणाला. "विहिरीचंच पाणी पिते. तेवढीच एक वाढेल."

"स्टाफच्या मुलांचं चालत नाही."

ते खोटं होतं. नियमात लिहिलं होतं, चालतं, फक्त विचारणारा माणूस दुसरा हवा. देवदत्तानं नियम वाचले नव्हते. बारा पानं कोण वाचतं?

नाताळापर्यंत वहीत शेहेचाळीस झाली. पुढं गाडी अडली. बर्फ गुडघ्याला आला, आणि उरलेल्या दारांवर जाऊन आलेली पावलंसुद्धा पुसली गेली.

जानेवारीत सुनंदाकाकूंचा फोन आला. "शनिवारी हळदीकुंकू आहे गं. ये. आणि वाण लुटायचं असेल तर तूही लूट, नवीन मुलींना संधी देते मी." सुनंदाकाकू एकाहत्तर साली आलेल्या. रिचमंड हिलला मराठी म्हणून जे काही होतं, ते त्यांच्या बेसमेंटमध्ये होत असे. त्या फोन करायच्या म्हणजे विचारायच्या नाहीत, कळवायच्या.

शुभदाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिथं येणाऱ्या सगळ्या नळाचं पाणी पिणाऱ्या. सगळ्यांना पाच ते सातची पोरं. आणि ऑफिसच्या कपाटात भेटीच्या पिशव्या पडून होत्या: ब्रश, पेस्ट, दोन मिनिटांचं वाळूचं घड्याळ. पहिली तपासणी झाली की मुलाला द्यायच्या. वाण म्हणून याहून चांगलं काय? स्टीलच्या वाट्या घरोघरी रचून ठेवायला जागा नाही, आणि हे उपयोगाचं.

शनिवारी उणे अठरा होतं. बेसमेंटच्या जिन्याशी बुटांचा ढीग, त्यावर जाड थंडीच्या कोटांचा ढीग, आणि आत पैठण्या. हळदीकुंकू, अत्तर, तिळगूळ आणि मग शुभदाची पिशवी. पिशवीमागोमाग क्लिपबोर्ड.

"हे काय गं, होमवर्क?" कुणीतरी म्हणालं.

"मुलांच्या दातांचा अभ्यास आहे. दहा-बारा वर्षांचा. वर्षातून एकदा तपासणी. नीट वाचा आणि—"

"वाचायचं काय त्यात, तू आहेस ना! कुठं करू सही?"

"करा गं सह्या," सुनंदाकाकू कॉफीची किटली घेऊन मधून फिरत म्हणाल्या. "आपली मुलगी आहे. आपण नाही करायचं तर कुणी करायचं?"

चाळीस मिनिटांत चोवीस सह्या झाल्या. शेहेचाळीस आणि चोवीस, सत्तर. नोव्हेंबरभर बोटं फुटली, आणि इथं एका संध्याकाळी, उबदार गालिच्यावर बसून, तोंडात तिळगूळ असताना. गाडीत बसल्यावर शुभदानं कागद दोनदा मोजले. एका कागदावर कुंकवाचं बोट उठलं होतं. तिला तो शकुन वाटला.

सोमवारी ते बोट जोअननं पाहिलं. जोअन ही अभ्यासातली हायजिनिस्ट, पन्नाशीची, कंबर धरून चालणारी. मुलांच्या तोंडात प्रत्यक्ष बघायची ती, आणि आकडे लिहून घ्यायची शुभदा.

"हे रक्त आहे का?" तिनं कागद दिव्याखाली धरला.

शुभदानं सांगितलं. कुंकू काय, हळद काय, वाण काय. जोअनला ते आवडलंही. मग ती म्हणाली, "पिशव्या सहीच्या आधी दिल्यास की नंतर?"

"आधी. वाण आधीच देतात."

"आणि कुणी नाही म्हणालं?"

"आमच्यात तोंडावर नाही म्हणत नाहीत."

जोअननं कागद खाली ठेवला. "मग हो म्हणाल्या, हे तुला कसं कळलं?"

शुभदाला राग आला. या बाईला काय कळणार आपली माणसं. उत्तर फेब्रुवारीनं दिलं.

डॉ. व्हिटलींनी सांगितलं होतं, नुसती सही धरायची नाही, पहिली तपासणी झाली तरच मूल मोजायचं. शेतावरची शेहेचाळीस मुलं तर सांगितल्या वेळेला, चिखलाच्या बुटांसकट येऊन गेली. ज्यांनी हो म्हणायला तीन आठवडे घेतले होते, तीही आली. शुभदानं मग नळाच्या चोवीस घरी फोन लावायला घेतले.

"अय्या, या शनिवारी? स्विमिंग आहे गं. पुढच्या नक्की."

"नक्की येऊ. तू परत एकदा रिमाइंड कर हं."

"अगं, याला सर्दी आहे. तोंड उघडलं की खोकतो."

"हो, हो, डायरीत लिहिलंय."

तीन शनिवार जोअन आणि शुभदा कम्युनिटी सेंटरच्या खोलीत घडीची खुर्ची मांडून, दिवा लावून, हातमोजे घालून बसल्या. पहिल्या शनिवारी शून्य. दुसऱ्या शनिवारी एक गुजराती बाई चुकून योगाचा क्लास समजून आली. तिसऱ्या शनिवारी जोअननं विणकाम आणलं. शुभदाच्या वहीत 'नक्की' हा शब्द अडतीस वेळा आला होता. नोव्हेंबरातल्या त्या डच म्हाताऱ्याच्या मुलाची तिला आठवण झाली. एका वाक्यात मोकळं केलं होतं त्यानं. दुसऱ्याच दिवशी ती पुढच्या दाराला लागली होती. इथं दार उघडंच होतं, हसून उघडं होतं, आणि आत पाऊल ठेवता येत नव्हतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मोठा बर्फ झाला. शुभदा सरळ अपूर्वाच्या घरी गेली. अपूर्वा पुण्याची, सॉफ्टवेअरमधली, मंडळात त्यातल्या त्यात मैत्रीण म्हणावी अशी. ती घरापुढचा ड्राइव्हवे फावड्यानं मोकळा करत होती. ओला, जड बर्फ. पालिकेच्या बर्फ लोटणाऱ्या नांगरानं तोंडाशी कंबरभर ढीग लोटून ठेवलेला. शुभदाला बघून ती थबकली, मग फावडं जरा जास्तच जोरात मारू लागली.

"अगं, मी फोन करणारच होते—"

"दुसरं फावडं कुठं आहे?"

दोघी ढिगाला भिडल्या. दहा मिनिटांत अर्धा ढीग कडेला गेला. शुभदाचे खांदे भरून आले, पाठीवर घाम आणि कानाला गारठा. शेवटी अपूर्वा फावड्यावर रेलली.

"ऋषीचे चार दात किडलेत," ती एकदम म्हणाली. "पुढचा एक तुटलाय. डेंटिस्टला नेलं नाही, कारण तो रडतो, आणि मला सुट्टी मिळत नाही."

"मग तर आणच ना. जोअन बघेल, पुढं पाठवेल."

"जोअन बघेल. आणि लिहिणार कोण?"

शुभदानं फावडं भरून बर्फ कडेला टाकला.

"तू. तू आकडे लिहिणार, आणि पाडव्याला माझ्या शेजारी बसून श्रीखंड खाणार."

"अपूर्वा, मी कुणाला सांगते का? तशी शपथ आहे आमची."

"सांगायला कशाला हवंय? तुला माहीत असेल ना. पुरे तेवढं." तिनं बर्फाचं एक ढेकूळ फोडलं. "सगळ्यांचं हेच आहे. रश्मीच्या मुलीचं तर विचारू नकोस. पण तू वाण दिलंस, काकू डोक्याशी उभ्या. हातात पिशवी घेऊन नाही कसं म्हणायचं, तूच सांग. आपली होतीस म्हणून सही केली. आपली आहेस म्हणूनच येत नाही."

मग, ढिगाकडेच बघत, "तुझ्या गौरांगीचं नाव आहे का गं त्यात?"

शुभदानं फावडं बर्फात खुपसलं. ते उभंच राहिलं.

परत जाताना तिनं सगळ्या बाजूंनी गणित मांडून पाहिलं. दिवस उरले होते बारा. येऊन-जाऊन एकच उपाय दिसत होता: आपल्या पोरीला पहिली खुर्चीत बसवायची. सगळ्यांदेखत. चांदीच्या चार दाढा सगळ्यांनी बघायच्या. मग कुणाला कुणाची लाज? तिनं सुनंदाकाकूंना फोन केला. काकूंनी चोवीस घरांना केला. तेरा मार्चला, दहा वाजता, सगळ्यांनी मुलांसकट यायचं. देवदत्त इतकंच म्हणाला, "स्टाफच्या मुलांचं चालत नव्हतं ना?" आणि तिनं त्याच्याकडे पाहिल्यावर काकड्या बघायला निघून गेला.

तेरा तारखेला रस्त्यांवर नुसता चिखल होता. बर्फ वितळून मार्शची शेतं तळ्यासारखी भरली होती. गाडीत शुभदा म्हणाली, "जोअन आंटी दात बघेल. फक्त तोंड उघडायचं. बस. दोन मिनिटं."

गौरांगी खिडकीतून बाहेर बघत होती. "विल द अदर किड्स बी देअर?"

"हो. असू देत. तोंड मोठं उघडायचं."

खोलीत एकोणीस आया आल्या होत्या. काकू पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर, सभेच्या अध्यक्षासारख्या. मुलं खुर्च्यांखालून धावत होती. शुभदा पुढं झाली. "आधी माझी मुलगी बसेल," ती मोठ्यानं म्हणाली. अपूर्वानं मान वर केली.

सात वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला वेगळं विचारायचं, असा नियम होता. आईची सही पुरत नव्हती. जोअन कंबर धरून गौरांगीसमोर गुडघ्यावर बसली. तिच्याकडे मुलांसाठीचं एक पान होतं, मोठ्या अक्षरांतलं. ती सावकाश, इंग्रजीत, मुलीच्या डोळ्यांत बघत बोलली. मी तुझे दात बघणार आहे. दुखणार नाही. दरवर्षी बघेन. तुला नको असेल तर नाही म्हणू शकतेस. कुणी रागावणार नाही. "सो, व्हॉट डू यू थिंक?"

गौरांगीनं खुर्चीकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, एकोणीस आयांकडे पाहिलं. शेवटी आईकडे. ओठ मिटलेले.

"नो, थँक यू," ती म्हणाली.

शुभदानं क्लिपबोर्ड छातीशी धरला. सगळ्यांदेखत. तिच्याच पोरीनं.

"अगं, लहान आहे ती, तिला काय कळतंय!" सुनंदाकाकू उठल्याच. "बसव, बसव. शुभदा, धर हात तिचा. दोन मिनिटांचं काम."

जोअननं शुभदाकडे पाहिलं. तिला मराठी कळत नव्हतं, पण हात धरण्याची खूण कळली असावी. ती गुडघ्यावरूनच वाट बघत राहिली. शुभदाच्या मनात आलं, एक शब्द बोलले तर पोर बसेल. आजवर बसलीच आहे. आणि पोर बसली की एकोणीसही बसतील. काकू एकेकीला बसवतील. पोरीसकट सहासष्ट होतात. उरलेली चार आठवड्याभरात. पत्र.

"काकू," ती म्हणाली. "ती नाही म्हणाली."

जोअननं पानावर एक फुली मारली. "मला सांगितलंस, थँक यू," असं गौरांगीला म्हणाली आणि तिच्या स्वेटरवर बेडकाचा स्टिकर लावला. झालं. आणखी काही घडलं नाही. गौरांगी जाऊन मुलांत मिसळली.

मागून अपूर्वाचा आवाज आला. "म्हणजे असं म्हटलं तरी चालतं?"

"कागदावर लिहिलंय. चौथ्या पानावर."

"मग माझंही नाही," अपूर्वा म्हणाली. म्हणताना तिची मान ताठ झाली. "राग मानू नकोस. ऋषीला मी दुसरीकडे दाखवीन. सोमवारीच दाखवते. पण इथं नाही."

मग बांध फुटल्यासारखं झालं. रश्मी उठली. तिच्या शेजारची उठली. कुणी इंग्रजीत सॉरी म्हटलं, कुणी काकूंची नजर चुकवून नुसता हात हलवला. शुभदा पेन पुढं करत होती, फॉर्म पुढं करत होती, 'यातून बाहेर पडते' या ओळीखाली सह्या घेत होती. वळणदार, सावकाश केलेल्या सह्या. हळदीकुंकवाच्या सह्यांपेक्षा या कितीतरी स्पष्ट होत्या.

"वाण घेतलंत आणि आता हे?" काकूंचा चेहरा लाल झाला. "आमच्या वेळी शब्दाला किंमत होती."

"काकू, वाण मी परत मागत नाहीये," शुभदा म्हणाली. "घासा म्हणावं दात."

पंधरा गेल्या. चार उरल्या. त्यांतली एक, चित्रा नावाची, आजवर तोंडातून शब्द न काढलेली नागपूरकडची बाई, चौथं पान उघडून बसली होती. तिनं पाऊण तास शुभदाचा जीव खाल्ला. माझ्या मुलाचे दात शाळेला कळतील का? इन्शुरन्सला? आम्ही कॅल्गरीला गेलो तर? पडलेला दात पाकिटातून पाठवायचा तर त्यावर नाव लिहायचं की नंबर? तो दात पुढं ठेवतात कुठं? आणि आकडे तुझ्याऐवजी दुसऱ्या कुणी लिहिले तर चालेल का? शुभदानं एकेकाचं उत्तर दिलं. दोन उत्तरं तिला ठाऊक नव्हती. तिला पान शोधावं लागलं. तिनंही बारा पानं अशी कधी वाचली नव्हती. शेवटी चित्रा म्हणाली, "बरं. बसू दे त्याला." जोअननं फोन करून विद्यापीठाची एक विद्यार्थिनी बोलावून घेतली. आकडे तिनं लिहिले. शुभदा दाराबाहेर, कोटांच्या रॅकपाशी उभी राहिली. आतला खुर्चीचा खटका, जोअनचं गुणगुणणं, भांड्यात थुंकल्याचा आवाज ऐकत.

शेहेचाळीस आणि चार, पन्नास. न आलेल्या पाच घरांना तिनं दुपारी तिथूनच फोन केला. पाचही जणी म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी नक्की." तिनं त्या पाच नावांवर काट मारली.

डॉ. व्हिटली फोनवर दयाळूपणे बोलले. पत्र ते देतील, पण पुढच्या वर्षी; सत्तर झाली की. वीस नावांसाठी मार्शच्या पलीकडचे रस्ते होते. तिकडे अजून कुणी गेलं नव्हतं. कुत्रे असतील.

गाडीत बसल्यावर शुभदानं किल्ली लावली, पण फिरवली नाही. समोर पार्किंगच्या कडेला काळ्या पडलेल्या बर्फाचा ढीग ठिबकत होता.

"गौरांगी."

"व्हॉट?"

"घरून निघताना काही बोलली नाहीस. हळदीकुंकवापासून मी हे मरमर करतेय, तुला माहीत आहे. डॉक्टरकडे नेते तेव्हा उघडतेस तोंड. ब्रश करायला उघडतेस. आज सगळ्यांसमोर नाही का म्हणालीस?"

गौरांगी स्टिकरचा बेडूक नखानं उचलून परत चिकटवत होती. एवढ्या सोप्या प्रश्नाचं आईला उत्तर येत नाही, याचं तिला नवल वाटलं असावं. चांदीच्या दाढा दिसतील इतकं तोंड उघडून ती म्हणाली,

"बिकॉज शी आस्क्ड मी."